आरोपी नंबर बेचाळीस

बावीस वर्षं मास्तरकी केली मी, पण त्या शुक्रवारी तिसऱ्या तासाला जी माती खाल्ली ना, तशी उभ्या जन्मात खाल्ली नाही! सांगतो, सगळं सांगतो. फक्त हातातला चहा आधी संपवा. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

तर मी मुकुंदवाडीच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. माझा वर्ग अकरावी ब. एकेचाळीस पोरंपोरी. मी वर्गात शिरलो की एकेचाळीस तोंडं एकदम उघडतात आणि मी त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो की मिटतात. एवढीच आमची शिक्षणपद्धती. माझा आवाज असा, की एकदा स्टेशनावर उभी असलेली पॅसेंजर माझं 'गप्प बसा' ऐकून पाच मिनिटं हललीच नाही. खोटं वाटतं? नका मानू. तुम्ही नव्हताच तिथं.

आमच्या प्राचार्या फरहाना मॅडम. अंगानं किरकोळ, आवाजानं हळू, पण त्या 'जाधव सर' म्हणाल्या की माझ्या हातातली वस्तू खाली पडते. त्यांचा हट्ट असा, की पोरांनी वर्षातून एक तरी मोठं नाटक अख्खं वाचावं. यंदा त्यांनी एक जुनं, गाजलेलं परदेशी नाटक निवडलं. चेटकिणींच्या खटल्यांचं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एका खेड्यातल्या पोरी अंगात आल्यासारखं करतात आणि 'हिनं चेटूक केलं, तिनं केलं' म्हणून गावभर बोटं दाखवत सुटतात. मग मोठे न्यायाधीश येतात. आणि न्याय कसा? जो भिऊन 'होय, मीच केलं' म्हणतो, तो सुटतो. जो छातीठोकपणे 'मी नाही हो' म्हणतो, तो फासावर!

पुढच्या आठवड्यात ह्या नाटकावर परीक्षा होती, म्हणून शुक्रवारी उजळणी. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

त्या सकाळी मस्टरवर सही करतोय, तेवढ्यात मागून आवाज आला, "जाधव सर."

पडलं पेन!

"सोमवारी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येतायत. अकरावी ब-च्या घटक चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर पाहिजेत. सगळ्या. मागच्या तपासणीत एका सरांचे चार पेपर कमी निघाले होते. नोटीस गेली, सर्व्हिस बुकात नोंद झाली. याद है ना?"

"मॅडम, पेपर माझ्या कपाटात आहेत. कुलपात! मार्कसुद्धा रजिस्टरला चढवलेत. जाधवचं काम म्हणजे—"

"तर मग ठीक."

मी ऐटीत स्टाफरूममध्ये गेलो, कपाट उघडलं, आणि काय सांगावं! आत दोन छत्र्या, एक दगड झालेला बेसनाचा लाडू, आणि आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका सरांची कवळी. पेपर? एकही नाही! मी लाडूसुद्धा उचलून बघितला हो खाली.

बावीस वर्षांचं स्वच्छ सर्व्हिस बुक! त्यात आता लाल शाई? पेपर हरवले म्हणून नोटीस? आणि कुलूप तर शाबूत. म्हणजे किल्ली चोरून, कपाट उघडून, पेपर काढून, परत कुलूप लावून... हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. टोळी आहे!

आणि टोळीला कारण काय असणार? मार्क! त्या चाचणीत जवळजवळ अख्ख्या वर्गाला वीसपैकी सात-आठच्या वर मार्क नव्हते. पेपरच गायब केले की भानगडच मिटली! मार्क रजिस्टरला चढलेत, हे तेव्हा आठवतंय कुणाला?

तिथंच माझ्या डोक्यात ती अफाट कल्पना आली. तिसऱ्या तासाला नाटकाची उजळणी आहेच. वर्गातच कोर्ट भरवायचं, न्यायाधीश आपण व्हायचं, आणि खेळता खेळता चोर पकडायचा. नाटकाची उजळणी होते, चोरही सापडतो. एवढी हुशारी आपल्या एकट्यात कशी मावली, ह्याचं मलाच नवल वाटत होतं.

गॅदरिंगच्या सामानातला काळा झगा काढला. डांबरगोळ्यांचा असा वास, की मी जिन्यावरून गेलो तर भिंतीवरच्या पालीनं जागा बदलली. तो घालून वर्गात शिरलो. एकेचाळीस तोंडं उघडली आणि आपोआप मिटली. ओरडावंसुद्धा लागलं नाही!

"चला, उजळणी. विलास, नाटकात काय झालं?"

विलास म्हणजे पिशोरचा. इथं हॉस्टेलवर राहतो, शनिवारी गावाकडं पळतो. उभा राहिला.

"सर, त्या पोरींनी लई कांड केलं. आपण सापडू नये म्हणून दुसऱ्याची नावं घेतली. मग ज्यांची नावं घेतली त्यांनी तिसऱ्याची घेतली. गावात कुणी उरलंच नाय."

"शाबास. आणि न्यायाधीशाची चूक काय?"

पहिल्या बाकावरून सना शेखनं हात वर केला. ही वर्गाची मॉनिटर. हुशार, टापटीप, वर्गातले सर्वांत जास्त मार्क हिचे. "सर, त्यानं ठरवूनच टाकलं होतं की गुन्हा झालाय. मग तो कुणाचं ऐकूनच घेत नव्हता."

"वा! वा सना!" मी म्हटलं आणि फळ्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: 'न्यायाधीशाची चूक: ऐकून घेतलं नाही.' खाली दोन रेघाही मारल्या. मग त्या दोन रेघांच्या बरोबर खाली खुर्ची ओढली आणि बसलो.

आता बघा हां.

"मुलांनो," मी आवाज खोल काढला, "आजची उजळणी तोंडी नाही, करून बघायची. हे कोर्ट आहे. आणि गुन्हा खरा आहे. चाचणीचे पेपर! ते कुठं आहेत, कुणाकडं आहेत, हे या कोर्टाला माहीत आहे."

कोर्टाला काय माहीत होतं, डोंबल? पण बोललो.

सगळी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकेक चेहरा पांढराफटक. मी मनात म्हटलं, लागला बाण! एकटा नाही, अख्खा वर्ग सामील!

"नाटकातलाच कायदा इथं चालेल. जो कबूल करेल, तो सुटेल. जो नाही म्हणेल..." आणि मी डस्टर टेबलावर आपटलं. खडूचा ढग उठला, त्यात मीच खोकलो, पण परिणाम झाला.

सनाचा हात वर. "सर, पेपर तर—"

"साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही!"

"सर, पर सुनो तो—"

"खाली बसा!"

ती बसली. मागं कुठंतरी बाक करकरला आणि विलास उठला. मान खाली.

"सर, मला कबूल हाय."

"कुठं आहे पेपर?"

"पिशोरला. मामाकडं."

पिशोरला! म्हणजे माल जिल्ह्यात पोचला होता! "मामा काय करतो त्याचं?"

"सही करतो, सर. बापाला दावला तर हाडं मोडील. म्हणून दरवेळी मामाच सही करतो."

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. शेंबड्या पोरालासुद्धा कळलं असतं. पण माझ्या अंगात तेव्हा न्यायाधीश संचारला होता. मी मनात म्हटलं, बाप रे, केवढी शिस्तीची टोळी! चोरीचा माल पोचला की सही देऊन पोच घेतात! आणि दरवेळी! म्हणजे हा धंदा जुना आहे.

मी वहीत लिहिलं: 'आरोपी एक, विलास. सूत्रधार, मामा.'

एकदा बांध फुटला म्हटल्यावर काय विचारता! प्रतीक्षा नावाची एक मुलगी आहे, एरवी तिचा आवाज हजेरीलासुद्धा ऐकू येत नाही. ती हुंदके देत उभी राहिली.

"सर, माझा पिठाच्या डब्यात आहे."

"कुणी ठेवला?"

"मीच. आई दळण संपत आलं म्हणतेय, सर. दोन दिवसांत सापडेल. सर, मला लई भ्या वाटायलंय!"

पुरावा पिठात! मी लिहून घेतलं.

मग खुलताबादहून रोज बसनं येणारा इम्रान उठला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र अपराधाचं नावच नाही, उलट हलकं झाल्यासारखा. "सर, माझा अर्धाच आहे. अर्धा बकरीनं खाल्ला."

"खोटं!"

"अल्ला कसम, सर! मी कडब्यात लपवला होता. तिला काय माहीत त्यात काय आहे? सहा मार्कांचा पेपर, सर, तो पण तिला पचला नाही. दोन दिवस चारा सोडला तिनं."

वर्ग खिदळला. मी डस्टर आपटलं. पुन्हा ढग, पुन्हा खोकला. इकडं सना उभी राहून हातातला एक कागद जोरजोरात हलवत होती.

"सर, हे बघा ना! माझा इथंच आहे, पाहा तरी एकदा!"

"कोर्टात कागद फडकवायचे नाहीत! अर्ज असेल तर नंतर!"

"सर, अर्ज नाय हो!"

"खाली!"

खरं सांगतो, त्या कागदावर माझ्याच हातचे लाल शाईचे अठरा मार्क होते. माझ्या नाकापासून चार हातावर. पण चष्म्यावर खडू बसला होता, आणि डोक्यावर काय बसलं होतं ते तुम्हीच ठरवा.

पुढच्या दहा मिनिटांत कबुलीजबाब झाले एकूण चाळीस! कुणाचा गादीखाली, कुणाचा देव्हाऱ्यामागं, कुणाचा मोठ्या भावाकडं. एकानं सांगितलं, "सर, मी पप्पांची सही स्वतःच केली. पण इतकी चांगली आली, की पप्पांपेक्षा माझीच खरी वाटते." मी म्हटलं, बनावट कागदपत्रं! हे प्रकरण आता पोलिसात जाणार! माझी वही भरत चालली होती. पिशोर, खुलताबाद, कन्नड, मध्ये दोन आजोळं. एवढं जाळं पकडल्याबद्दल मला कुठलं पदक मिळेल, ह्याचा विचार चालू होता. सोमवारी साहेबांसमोर मॅडम म्हणतायत, 'हे आमचे जाधव सर.' साहेब उठून हात मिळवतायत...

"आता शेवटचा प्रश्न," मी उभा राहिलो. "हे पेपर तुमच्यापर्यंत पोचवले कुणी? नाव घ्या!"

चाळीस बोटं एकदम वळली.

"सनानं वाटले, सर!"

सना! जिच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता, ती मॉनिटर! माझं काळीज फाटलं.

"सना शेख, पुढं या."

ती आली. कागदाची घडी घालून मुठीत धरली होती. आता ती घाबरलेली नव्हती, चिडली होती. नाकाचा शेंडा लाल.

"फक्त हो किंवा नाही. पेपर तुम्ही वाटले?"

"हो, सर. पर मला—"

"फक्त हो किंवा नाही! तुमच्यामागं कुणी आहे?"

"हो."

"मोठा माणूस?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हो. चांगलाच."

"नाव घ्या!"

"नको, सर. तुम्हालाच बरं नाही वाटणार."

"घाबरू नका! तो कोणी का असेना! ह्या कोर्टात त्याची गय होणार नाही! सगळ्या वर्गासमोर त्याचं नाव घ्या, आणि असं मोठ्यानं घ्या, की ऑफिसपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

"ऑफिस इथंच आलंय," दारातून हळू आवाज आला.

फरहाना मॅडम! आमचा आरडाओरडा ऐकून आल्या होत्या. त्यांनी माझा झगा बघितला, माझ्या डोक्यावरचा फळा सावकाश वाचला, खालच्या दोन रेघांसकट, आणि म्हणाल्या, "घे बेटा नाव. डरने का नहीं."

सनानं माझ्याकडं बोट केलं.

"जाधव सर."

"क्... काय?"

"तुम्हीच दिलेत, सर. मागच्या बुधवारी, गेटवर. तुम्ही स्कूटरवर बसला होतात. हेल्मेट घातलेलं. फोन वाजत होता. तुम्ही गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणालात, 'सगळ्यांना वाट. घरी दाखवून पालकांच्या सह्या घेऊन या म्हणावं, आठ दिवसांत परत.' आणि गेलात. मी वाटले. हा बघा माझा. सही घेऊन दुसऱ्या दिवशीच आणला होता, तुम्ही म्हणालात नंतर बघू."

मला अस्सं लख्ख आठवलं म्हणता! साडूच्या घरची वास्तुशांत. बायकोचा तिसरा फोन. 'आता नाही निघालात तर तिकडंच राहा.' हेल्मेटमधून मी काहीतरी ओरडलो होतो खरं. काय ते मला आठवत नव्हतं. पोरीला शब्दन् शब्द पाठ!

आणि पोरं? त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, सरांनी आज अखेर सह्यांचे पेपर मागितले. मार्क कमी, म्हणून कुणी घरी दाखवलेच नव्हते. चाळीस जणांनी जे कबूल केलं, ते पै न् पै खरं होतं! त्या नाटकात लोक खोटं कबूल करतात. माझ्या कोर्टात सगळे खरं बोलत होते, आणि कोर्टाला एकाचंही कळत नव्हतं.

मी हळूच खुर्ची शोधली. ती मागं सरकली होती. झग्यात पाय अडकून मी टेबलाच्या कडेला असा काही टेकलो, की डस्टर खाली पडलं. ह्या वेळी ढगात लपता आलं असतं तर बरं झालं असतं.

"सर," विलासनं विचारलं, "कबूल करायचं का तुम्ही? सुटाल."

"कबूल!" मी हात वर केले. "मीच दिले, मीच विसरलो, आणि सना, तुझं मी ऐकलं नाही. चुकलो, बेटा."

सनाचं नाक अजून लाल होतं, पण ओठ थरथरत होते. मग तिला हसू फुटलं. तिला फुटलं म्हटल्यावर वर्गाला फुटलं. इम्रान तर बाकावर डोकं ठेवून हसत होता.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "जाधव सर, सोमवारी एकेचाळीस पेपर टेबलावर पाहिजेत. ते तर पाहिजेतच. शिवाय तुम्ही एक लेखी खुलासा द्या, काय झालं त्याचा. एकही पेपर कमी निघाला, तर तो खुलासा सर्व्हिस बुकात जाईल." दारातून वळून म्हणाल्या, "और हां. सगळ्यांना सह्या, मग तुम्हालाही. खुलाशावर पालकांची सही आणा."

"मॅडम, माझे वडील तर—"

"भाभीजी हैं ना?"

शनिवार-रविवार माझे कसे गेले विचारू नका. स्कूटरवरून पिशोर गाठलं. मामा भला माणूस, त्यानं जेवू घालूनच सोडलं. प्रतीक्षाच्या आईसमोर मीच जाऊन सांगितलं, की पोरीला रागावू नका, शिकवणाऱ्याचंच चुकलं. तिनं पेपर झटकून दिला, माझा शर्ट पांढरा झाला. इम्रानचा अर्धा पेपर कोऱ्या कागदावर चिकटवला, बकरीच्या दातांच्या खुणांसकट. रविवारी संध्याकाळी मोजले. एकेचाळीस! पुन्हा मोजले. एकेचाळीस!

राहिला खुलासा. तो लिहून मी बायकोसमोर ठेवला. म्हटलं, इथं खाली सही कर, वाचायची गरज नाही.

तिनं वाचला. दोनदा वाचला. मग तोंडाला पदर लावून आत गेली. आतून भांडी पडल्यासारखं हसू आलं. बाहेर येऊन म्हणाली, "शेरा लिहायचा असतो ना पालकांनी?"

"नसतो!"

"असतो. आमच्या वेळी असायचा." आणि टेबलावरचं माझंच लाल पेन उचलून तिनं लिहिलं: 'घरीही असेच वागतात. स्वतःच वस्तू आमच्या हातात देतात आणि मग घरभर चोर शोधतात. पाल्यात सुधारणा नाही.' खाली झोकदार सही.

सोमवारी साहेब आले. पेपर मोजले, एकेचाळीस. मॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली. वाचलो! सर्व्हिस बुक कोरंच राहिलं! मी सुटकेचा श्वास सोडतोय, तोच साहेबांनी गठ्ठ्याच्या तळाचा कागद उपसला. खुलासा! घाईत पेपरांबरोबर बांधून दिलेला! कुणी बांधला? आता हे तरी मी दुसऱ्यावर ढकलू शकतो का?

साहेब वाचत होते. खांदे हलायला लागले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, बायकोच्या शेऱ्याखाली एकच शब्द लिहिला, 'सहमत', सही केली, आणि वर ऑफिसचा गोल शिक्का हाणला.

तो कागद मॅडमनी मला परत दिला. बायकोनं फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. आता घरात चष्मा सापडत नसला तरी मी कुणाला विचारत नाही. बिनचष्म्याचा बसतो. शासनानंच शिक्का मारल्यावर अपील करायचं कुठं?